पर्व किती दिवसांचं

विजयवाडा,
१३ ऑगस्ट २०१६

ती. सौ. आक्काच्या चरणी धाकट्या अनुजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवावं लागतं, आणि एवढं ओरडून झाल्यावर तू विचारणार, जेवलीस का? त्यापेक्षा आपलं पत्र बरं. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात ठेवून दिलंस, हे मात्र वाईट केलंस.

जूनमधल्या झटक्यानंतर दाजींची वाचा अजून परतली नाही, हे वाचून जीव गलबलला. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, सगळी गाडी आवाजावर मागं-पुढं सरकवायचा. आता डाव्या हातानं पाटीवर लिहून पाणी मागतात हे डोळ्यांसमोर येतच नाही.

इकडे कालपासून कृष्णेचं पुष्कर, म्हणजे इथलं नदीस्नानाचं पर्व, सुरू झालं. घाटावर मुंगी शिरायला जागा नाही. आमचं चांदीचं दुकान हमरस्त्यावर असल्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि चपला सांभाळा म्हणणारे जास्त. हुपरीचे पैंजण विकायला इथे आलेलं आमचं घर, पंचेचाळीस वर्षं झाली, तरी इथली एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. यांचं पर्व बारा दिवसांत आटोपतं! बारा नद्या, दर वर्षी एकीची पाळी. यंदा कृष्णा, पुढच्या वर्षी कावेरी. शेजारीण एप्रिलमध्ये उज्जैनला जाऊन आली, तिथे महिनाभर चाललं होतं म्हणे. प्रयागला दीड-पावणेदोन महिने. आणि तुमचं कृष्णाकाठच्या वाडीचं कन्यागत तर वर्षभर! एवढं लांबण लावून तुम्ही काय साधता, देव जाणे. इथले लोक म्हणतात की खरं पुण्य या पहिल्या बारा दिवसांतच असतं, पुढचं सगळं उरलंसुरलं.

नदी तर एकच ना? मग २३ तारखेच्या आत दाजींना वाडीला नेऊन आण. अठराव्या वर्षापासून त्यांनी एक पर्व चुकवलं नाही. हे सहावं का चुकावं?

तुझ्या पृथ्वीराजला आणि सूनबाई मोनाला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अनुजा


मंगळवार पेठ, कोल्हापूर,
१८ ऑगस्ट २०१६

चि. सौ. अनुजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि घरात आग लागली. कशी ते सांगते.

आधी तुझ्या शहाणपणाचं उत्तर. गुरू कन्या राशीत शिरला की कन्यागत, आणि तो तिथून हलेपर्यंत पर्व. पुढच्या सप्टेंबरपर्यंत आहे, तेरा महिने. आमचा गुरू काही बारा दिवसांत बिऱ्हाड हलवत नाही. आणि आत्ता नेऊन आण म्हणतेस, तर वाडीला पाणी किती आहे माहीत आहे का? पूर ओसरतोय, पण घाटाच्या पायऱ्या अजून दिसत नाहीत. गढूळ पाणी, ओढ असलेलं. धडधाकट माणसाला पोलीस खाली सोडत नाहीत. यांचा उजवा पाय फरफटतो. डॉक्टर म्हणाले आहेत, दुसरा झटका कधीही येईल, सांभाळा. म्हणून मी ठरवलं होतं की माघात, पाणी उतरल्यावर, पायऱ्या मोकळ्या झाल्या की खुर्चीत बसवून न्यायचं.

पण पोस्टमन आला तेव्हा मी मागे भांडी घासत होते. पाकीट यांच्या हाती पडलं. सध्या यांना दुसरा उद्योग नाही, लाइटच्या बिलापासून सगळं वाचून काढतात. मी हात पुसत आले तर हे दिनदर्शिकेपुढे उभे. २३ तारखेभोवती डाव्या हातानं गोल काढलेला, आणि पाटीवर तुझाच शब्द, उरलंसुरलं.

मी परोपरीनं सांगितलं की अनुजा तिकडचं सांगते आहे, आपल्याकडे वर्ष आहे. पृथ्वीराजनं सांगितलं, आबा, कशापाय घाबरताय, लई दिस हाइत की. हे मान हलवतात आणि पुन्हा बोट २३ वर. आपण यांना नेणं टाळतो आहोत आणि त्यासाठी खोटं बोलतो आहोत, असं यांनी मनात घेतलंय. झटक्यानंतर एकदा मनात बसलं की निघत नाही. काल पाटीवर लिहिलं, मला वर्ष नाही.

अनुजा, मला फार भीती वाटते. मला काही ऐकू येत नाही ग. हे उठले, दार उघडलं, पायरीवरून पडले, तरी मला कळायचं नाही. मोना शाळेत शिकवायला जाते, पृथ्वीराज कामावर. दिवसभर मी यांच्याकडे बघत बसते. डोळा लागला तर काय, या धास्तीनं दुपारी आडवीसुद्धा होत नाही. दाराला वरची कडी बसवून घेतली आहे.

तूच घोळ घातलास, तूच निस्तर. तुझ्या हातानं यांना चार ओळी लिही. रागावले आहे, पण तुझ्यावर नाही तर कोणावर रागवू?

आक्का


विजयवाडा,
२२ ऑगस्ट २०१६

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

आज सकाळी पत्र मिळालं. मी गंमत करत होते ग. दाजी वाचतील हे ध्यानातच आलं नाही.

सोबत दाजींसाठी वेगळी चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरात. त्यात लिहिलंय की हे बारा दिवस फक्त इकडचे, इथेही गुरू वर्षभर त्याच राशीत असतो, आणि शेवटच्या बारा दिवसांनाही इथे तेवढाच मान आहे. हे खरंच आहे, आज देवळात विचारून आले. पृथ्वीराजला फोनही केला. तो म्हणाला, मावशी, काळजी करू नगो, वरची कडी लावलीया, आबांचा हात पोचत न्हाय.

स्पीड पोस्टानं पाठवते आहे. पोचल्याचं लगेच कळव, आणि जमलं तर क्षमा कर.

अनुजा


कोल्हापूर,
२३ ऑगस्ट २०१६, दुपारी

चि. अनुजास,

हे घरात नाहीत.

पृथ्वीराज तुला फोन करील न करील, मला फोन करता येत नाही, म्हणून लिहीत बसले आहे. हात रिकामा राहिला तर वेड लागेल.

सकाळी आठला मी यांना दाढीचं पाणी दिलं. नऊला मोना शाळेत गेली, मी कडी लावली. दहा वाजता भाकरी थापायला बसले, पाठ दाराकडे. चार भाकऱ्या होईपर्यंत. मागे वळले तर दार सताड उघडं आणि दारात स्वयंपाकघरातलं स्टूल. त्या पायानं हे स्टुलावर कसे चढले असतील? पडल्याचा आवाज झाला असता तरी मला कुठला ऐकू येणार होता!

टॉवेल नाही. धोतर नाही. तुझं पत्र नाही.

मी अनवाणी पेठभर धावले. माणसं काय सांगत होती ते कळत नव्हतं, नुसती तोंडं हलत होती. शेवटी किराणा दुकानवाल्यानं कागदावर लिहून दिलं की काकांना रिक्षानं स्टँडकडे जाताना बघितलं. पृथ्वीराज कामावरून परस्पर स्टँडवर गेला. तिथं कळलं की वाडीच्या गाडीत जुन्या स्टाफचा माणूस म्हणून कंडक्टरनं हाताला धरून चढवलं, पुढची सीट दिली, तिकीटसुद्धा घेऊ दिलं नाही. मान दिला बिचाऱ्यानं. त्याला काय माहीत!

एक वाजून गेला. गाडी पोचली असेल. तिथं पाणी आहे आणि यांना मदतीला हाक मारता येत नाही. बुडणाऱ्या माणसाला निदान ओरडता येतं ग.

मोना आली आहे. मला पाणी पी म्हणते आहे. पोलिसांना कळवलंय असं तिनं लिहून दाखवलं. अजून काही नाही. अजून काही नाही.

२४ ऑगस्ट, सकाळी

सापडले. आधी हेच लिहायला हवं होतं, पण पत्र काल अर्धंच राहिलं.

संध्याकाळी पृथ्वीराज यांना घेऊन आला. हे नखशिखांत भिजलेले, दात वाजत होते, आणि चेहऱ्यावर हसू. एवढं हसू जूनपासून बघितलं नव्हतं. झालं असं की घाटावर पोलिसांनी दोर बांधला होता. हे दोराशी जाऊन बसले आणि उठेनात. ओढलं तरी उठेनात. तुझं पत्र काढून दाखवायचे आणि नदीकडे बोट करायचे. शेवटी एका नावाड्याला दया आली. त्यानं बादली भरून आणली आणि म्हणाला, पावणं, आता हितंच हरहर गंगे म्हणा, म्हंजे झालं. डोक्यावर ओतली. पृथ्वीराज पोचला तेव्हा तिसरी बादली चालली होती.

ताप भरला आहे. डॉक्टर येऊन गेले. छाती साफ आहे म्हणाले. बाकी सर्व ठीक. तुझी आठवण काल सारखी येत होती, रागानं नाही.

आक्का


विजयवाडा,
२८ सप्टेंबर २०१६

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

दाजींचा ताप उतरला, भूक लागते, हे वाचून मी इथल्या दुर्गेच्या देवळात साखर वाटली. आता तूही दुपारची जरा पडत जा. कुलूप लावलंस हे चांगलं केलंस, पण किल्ली गळ्यात घालून हिंडतेस हे मोनानं सांगितलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

एक विचारायचं होतं. दाजींचं मला कार्ड आलं. डाव्या हातानं लिहिलेलं, लागायला वेळ लागला. दोनच ओळी आहेत. पर्व कधी संपतं ते नक्की लिही. माघ त्याच्या आत येतो का? मी कळवलं की हो, भरपूर आत येतो. पण आक्का, त्यांचं स्नान झालं ना? मग हे का विचारतात? झालेलं विसरले की काय, अशी शंका येऊन काळजी वाटते. डॉक्टरांच्या कानावर घाल.

माघात मीही येईन म्हणते. सगळे मिळून जाऊ. तोवर तुझ्या आशीर्वादाची सावली असू दे.

अनुजा


कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २०१७

चि. सौ. अनुजास अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या तोंडावर तू यांच्या दिवसकार्याला आलीस, पंधरा दिवस माझ्याजवळ राहिलीस. जाताना स्टेशनवर माझा हात धरून म्हणालीस, मी ते पत्र लिहिलं नसतं तर दाजी त्या दिवशी भिजले नसते, आणखी जगले असते. तुझ्या ओठांवरून मला तेवढं कळलं. मी नुसती नाही म्हणून मान हलवली. घर भरलेलं होतं तोवर सांगता आलं नाही, आणि स्टेशनवर मला धीर झाला नाही. आज सांगते.

तुझ्या पत्राचा काही दोष नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका यायचाच होता. तू विचारलं होतंस ना, स्नान झालं तरी माघाचं का विचारतात? ते काही विसरले नव्हते.

ऑगस्टच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी हे हसत घरात आले, पाटी मागितली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, झालं. दिवसभर मी यांना पाण्यात वाहून गेलेलं बघत होते अनुजा, आणि हे हसत होते! भीती होती तिचा राग झाला. मी पाटी हिसकावली. म्हटलं, काही झालेलं नाही. बादलीच्या पाण्यानं पर्व होत असतं तर मोरीतच बसवलं असतं तुम्हाला. खरं स्नान माघात, मी नेईन तेव्हा. पुन्हा पळून जाऊ नयेत म्हणून म्हटलं. हातानं झालं हा शब्द पुसला.

यांचं हसू तिथंच थांबलं. माझ्यावर विश्वास ठेवला ना त्यांनी! कधी नव्हे तो ठेवला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाटीवर एकच शब्द, माघ? मी बोटांवर महिने मोजून दाखवायची. मला बरंच वाटायचं, माणूस घरात बसतंय म्हणून. अनेकदा वाटलं की सांगावं, अहो, मी रागात बोलले, तुमचं झालंय. पण मग भीती वाटायची की नेमकं काय खरं, मला तरी कुठं माहीत आहे? आणि वर्ष पडलं होतं की पुढं. गेले त्या सकाळीही पाटीवर तेच होतं.

परवा माघी पौर्णिमेला पृथ्वीराज मला वाडीला घेऊन गेला. पायऱ्या सगळ्या मोकळ्या आहेत, पाणी निवळशंख. यांच्या नावानं करायचं ते केलं. मग गुरुजींना मी विचारलं आणि पृथ्वीराजला म्हटलं, उत्तर कागदावर लिहून घे, एक अक्षर गाळू नकोस. गुरुजी म्हणाले, अहो बाई, कृष्णेचं पाणी, कृष्णेच्या काठावर, पर्वकाळात डोक्यावर पडलं. मग बादलीनं काय अन् बुडीनं काय? त्यांचं स्नान त्याच दिवशी पुरं झालं.

कागद माझ्यापुढे आहे. चार वेळा वाचला. यांना वाचून दाखवायला हवा होता. आता कुणाला दाखवू, म्हणून तुला लिहिलं.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझी,
आक्का