अर्फाचा पेला काय बोलला

७८६
सातारा, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अब्बा यांस,
महेजबीनचा सलाम, वि. वि.

आसिफ पुण्याला सतारी पोचवून मिरजेकडं निघालाय आणि खाली टेम्पोचा हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत लिहिते. तुम्हांला फोन करावा तर तो दोन वर्षांपूर्वी सरसाच्या भांड्यात पडला, कुणीतरी तांदळात ठेवा म्हणालं, आणि तुम्हांला तो तिथंच आवडला. तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर कानस फिरवताना घंटी वाजली की कान बिघडतो हे मान्य. पण लोकांचे वडील तांदळाच्या डब्यात राहत नाहीत.

तर तुमच्या नातीनं मला घायकुतीला आणलंय. अर्फा सोळा महिन्यांची झाली आणि अजून बाटलीशिवाय दुधाला तोंड लावत नाही. दातांच्या डॉक्टरांनी वरच्या चार दातांवर पांढरे डाग दाखवले आणि बाटली बंद करा म्हणून सांगितलं. एक डिसेंबरला मला कारखान्यात रुजू व्हायचंय. दीड वर्ष रजा झाली, त्या दिवशी नाही गेले तर तपासणी विभागातली माझी जागा दुसऱ्याला जाणार. आणि पाळणाघरवाल्या लीलाबाई बाटलीचं पोर घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, बाटल्यांची अदलाबदल होते, एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात जातं. पोरानं आपल्या हातानं प्यावं एवढीच त्यांची अट.

तीन कप आणून झाले. पहिला हत्तीचा, चोचवाला. सांडू नये म्हणून आत रबराची झडप, त्यामुळं बाटलीइतकाच जोर लावून ओढावं लागतं. डॉक्टर म्हणाले, ही पण बाटलीच, नुसती टोपी घातलेली. आठ दिवसांनी मी ती झडप सुईनं उचकटली तर खाली काळी बुरशी. दुसरा नळीचा. नळीचा तुकडा चावून बाईसाहेब गालात धरून हसत बसल्या. तुमच्या जावयांनी, वाजिदनी, बोट घालून तो काढला आणि मी कप तिथंच कचऱ्यात टाकला. तिसऱ्यात कोमट दूध ओतलं की चपलांच्या नव्या दुकानासारखा वास सुटतो. लीलाबाईंचे यजमान हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेत, त्यांनी आपला जुना मग दिला. त्याचे टवके उडालेत आणि अर्फाचं डोकं त्यात मावतं. तिनं मावून दाखवलं.

अम्मींना विचारून काहीतरी सुचवा. हातात तेवीस दिवस आहेत.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
महेजबीन


७८६
मिरज, बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. महेजबीन हिस,
अब्बांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. तंबोरे बनवणाऱ्या या वजीरची नात हत्तीच्या चोचीतून दूध पिते हे वाचून मला दोन घास कमी गेले. तू माझ्या दुकानात भुशावर रांगलीस, तुला कधी झडप लागली नाही.

सोबत पाठवलाय तो कप मी स्वतः केलाय. भोपळ्याच्या गाडीत एक एवढासा भोपळा आला होता, सतारीला निकामी. बरेच दिवस माळ्यावर वाळत होता. त्याला कापला, आतून खरवडला, घासून गुळगुळीत केला आणि वर लाखेच्या पॉलिशचे सात हात दिले. कडेला हस्तिदंती रंगाची नक्षीची पट्टी आहे, ती खऱ्या तंबोऱ्याला लावतो तीच. वजनाला हलका, पडला तरी फुटत नाही. दुकानात आलेल्या दोन गवयांनी उचलून पाहिला आणि वाहवा केली.

तुझी अम्मी मागं उभी राहून काहीतरी पुटपुटतेय. तिकडं लक्ष देऊ नको.

अर्फाच्या कपाळावर माझी एक पापी. इकडची आठवण ठेवून असावं.
अब्बा


७८६
सातारा, शनिवार, १५ नोव्हेंबर

तीर्थरूप अब्बा यांस,
महेजबीनचा सलाम, वि. वि.

कप बघून मला रडूच आलं, इतका देखणा. अर्फा तो छातीशी धरून घरभर फिरली, चमच्यानं वाजवला, कान लावला, परत वाजवला. रक्त तुमचंच आहे यात शंका नाही.

पण अब्बा, रागावू नका, मी त्यात दूध घालू शकत नाही. पॉलिशचा स्पिरिटचा वास अजून येतोय. दुधात लाख उतरली तर? नक्षीची पट्टी नखानं सुटते, ती पोटात गेली तर? मी दिवसभर मापाला न बसलेले सुटे भाग बाजूला काढणारी बाई आहे, स्वतःच्या बापाचा माल आला म्हणून पास कसा करू? वाजिद म्हणतात सांभाळून लिही. मी सांभाळूनच लिहितेय.

कप आसिफबरोबर परत देते. इथं राहिला तर ती त्यात पाणी मागेल. सोळा दिवस उरले, अजून वाटीचमच्यानं भरवतेय. लीलाबाईंकडं आणखी सहा पोरं असतात, त्या चमच्यानं भरवत बसणार नाहीत.

रुसू नका. रुसलात तरी दोन ओळी लिहा.
तुमची,
महेजबीन


७८६
मिरज, बुधवार, १९ नोव्हेंबर

लाडक्या महेजबीनला,
अम्मी फिरदोसकडून दुवा आणि सलाम.

पोरी, हे पत्र मला लिवावं लागतंय, कारण तुझे अब्बा लिवायच्या अवस्थेत न्हाईत. घाबरू नको, आता बरे हायत. पण लय तमाशा झाला.

कप परत आला तसं तोंड फुगवून बसले. रविवारी सकाळी उठून म्हणाले की ह्यात काय वाईट हाय ते मीच पिऊन दाखवतो. मी म्हणलं आवं, सतारीचा भोपळा कडू असतो, तो जनावरं सुद्धा तोंडात घेत न्हाईत, हे मिरजेतल्या शेंबड्या पोराला ठावं हाय. तर म्हणाले, वाळला की कडूपणा जातो. चाळीस वर्षं भोपळ्यात हात घातला या माणसानं, तोंड कवाच घातलं नव्हतं. कपभर कोमट दूध एका दमात प्याले आणि तोंड असं केलं की मला हसूच आवरंना. तरी ऐटीत म्हणाले, चव चांगली हाय.

नंतर दिवसभर त्यांची फेरी दुकानातनं संडासापर्यंत आणि संडासातनं दुकानापर्यंत. दोन गिऱ्हाईकं येऊन गेली, दोघांनाही आतनंच उत्तर मिळालं. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं काय खाल्लं विचारलं तर म्हणाले, तंबोरा. मीच सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसला आणि मग गंभीर झाला. म्हणाला, कडू भोपळा मोठ्या माणसाला एवढा बाधतो, लेकराला पाजला असता तर जीवावर बेतलं असतं.

तवापासनं कपाचं नाव काढत न्हाईत. जेवताना एकदाच बोलले, की महेजबीननं परत पाठवला म्हणून लेकरू वाचलं. आणि ताट सारून उठले.

तू जपून राहा, आणि त्यांना लागंल असं काय लिवू नको.
तुझी,
अम्मी


७८६
सातारा, शनिवार, २२ नोव्हेंबर

तीर्थरूप अब्बा यांस,
महेजबीनचा सलाम, वि. वि.

आधी सांगते, मी रडले. मग अम्मींचं पत्र वाजिदना वाचून दाखवलं आणि तंबोरा या शब्दाला आम्ही दोघं हसून हसून जमिनीवर बसलो. अर्फा आम्हांला बघून टाळ्या वाजवत होती. माफ करा.

आता तब्येत जपा, ताक प्या, आणि कपाची काळजी सोडा. परत पाठवायची अक्कल मला लहानपणी तुमच्याच दुकानात आली. कानाला पटलं नाही की तंबोरा गिऱ्हाइकाला देत नव्हता तुम्ही, मग तो कितीही घाईत असो.

खरं सांगते, आता धीर सुटत चाललाय. उघड्या पेल्यातनं पाजलं तर चालेल, उलट तेच सगळ्यांत चांगलं असं डॉक्टर म्हणतात. पण घरातले पेले तिच्या मुठीत मावत नाहीत, आणि एकाची कड ओठाला लागली तेव्हापासून ती पेला बघितला की तोंड फिरवते. नऊच दिवस राहिले. साहेबांना काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव सुरू केलीय.

तुमच्या हातचं पत्र आलं की बरं वाटेल.
महेजबीन


७८६
मिरज, बुधवार, २६ नोव्हेंबर

चि. महेजबीन हिस,
अब्बांचे आशीर्वाद, वि. वि.

साहेबाला काही सांगायचं नाही. तू कामावर जाणार आहेस.

माझी चूक झाली. कौतुकाच्या भरात मी लेकराच्या तोंडी काय देतोय ते पाहिलं नाही. एकदाच लिहितो, परत उकरून काढायचं नाही. तुझ्या अम्मीनं ते गल्लीभर केलंय तेवढं पुरे.

सोमवारी लालासाहेबांच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. त्यांना सांगितलं की रंग नको, झाकण नको, झडप नको, कान नको, जिथं बोट पोचत नाही असा कोपरा नको. म्हणाले मग उरतं काय? मी म्हटलं, पेला. चार बोटं उंचीचे साधे स्टीलचे पेले त्यांनी पुढं मांडले. मी एकेक चमच्यानं वाजवून बघितला. तिसाव्या पेल्यानंतर त्यांनी मला चहा पाजून बाहेर काढायचा प्रयत्न केला. एकतिसावा आणि बत्तिसावा मात्र जुळ्या भावांसारखे एका सुरात बोलले. दोन्ही घेतले.

कड मात्र धारेची होती. ती घोडीच्या बारीक कानशीनं आणि मग पाणकागदानं दीड दिवस घासली. ओठ फिरवून बघितला, माझाही आणि तुझ्या अम्मीचाही. पॉलिशचा थेंब लावला नाही. तीनदा उकळत्या पाण्यातून काढला. तरी तू तपासून घे. नापास केलास तर परत पाठव, मी रुसणार नाही.

एक पेला तुझ्याकडं, जुळा माझ्याकडं. त्याला चमच्यानं वाजवलं की आत किती दूध आहे ते कळतं. भरलेला खालच्या सुरात बोलतो, रिकामा होत जाईल तसा वर चढतो. अर्फाला हे दाखव. आधी तिला वाजवू दे, मग पिऊ दे.

लोभात कमी केलं नाहीस हे कळलं, तसाच ठेव.
अब्बा


७८६
सातारा, शनिवार, २९ नोव्हेंबर

तीर्थरूप अब्बा यांस,
महेजबीनचा सलाम, वि. वि.

पास. कडेवर कापूस फिरवून बघितला, एक धागा अडकला नाही. आमच्या विभागात तुम्हांला नोकरी मिळेल.

अब्बा, ती प्यायली. बुधवारी निम्मं अंगावर सांडलं, गुरुवारी पाव, आणि काल फक्त वाजिदच्या पँटीवर. वाजवते, एक घोट घेते, परत वाजवते आणि आवाज चढला की डोळे मोठे करून माझ्याकडं बघते. एका पेल्याला पाऊण तास लागतो. शेजारच्यांनी विचारलं की तुमच्याकडं काही पूजा वगैरे आहे का.

पण पेला माझ्या हातूनच चालतो. काल वाजिदनी धरला तर तिनं ओठ मिटले. सोमवारी लीलाबाई धरतील तेव्हा काय होईल? आमचे फोन कारखान्याच्या फाटकावर जमा करतात, पाच वाजेपर्यंत मला काहीच कळणार नाही. लीलाबाईंनी स्पष्ट सांगितलंय की पहिल्या दिवशी प्यायली नाही तर त्या ठेवून घेणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे.

वाजिदनाही सोमवारी ड्युटीवर फोन घेता येणार नाही, म्हणून मी लीलाबाईंना तुमचा नंबर दिलाय; त्याचं रिचार्ज मी अजून भरतेय. एक दिवसापुरता फोन तांदळातनं बाहेर काढा. एवढं कराच.
तुमची,
महेजबीन


७८६
मिरज, सोमवार, १ डिसेंबर

चि. महेजबीन हिस,
अब्बांचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र बुधवारी पोचेल तोवर तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहितो, कारण लीलाबाईंनी पाहिलं, मी ऐकलं, आणि ऐकलेलं मलाच नीट सांगता येईल.

फोन रात्रभर चार्ज करून सकाळी आठपासून समोर ठेवून बसलो होतो. एक घोडी हातात होती, पण कानस एकदाही फिरवली नाही. अकरा वाजून सात मिनिटांनी घंटी वाजली. लीलाबाई म्हणाल्या की पोरगी तू गेल्यापासून हुंदके देतेय, पेल्याला हात लावत नाही, आता आईला बोलवावं लागेल. मागं रडणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, बाई, एक मिनिट थांबा, फोन तिच्या कानाशी धरा.

मी माझा पेला दुधानं भरला आणि चमच्यानं वाजवला. रडणं थांबलं. परत वाजवला. तिकडून, महेजबीन, तिचा पेला बोलला. तोच सूर, काठोकाठ भरलेला. मी एक घोट घेतला आणि वाजवला, सूर जरा चढला.  तुझी अम्मी माझा दंड धरून होती. मग तिकडून टिंग, जरा चढलेलं. पुढं आमची शर्यतच लागली. तिनं मला दोनदा मागं टाकलं. हंबीरराव तिकडून मोठ्यानं मोजत होते आणि बाकीची सहा पोरं ताटंवाट्या बडवत होती. लीलाबाईंनी उद्यापासून तसलेच सहा पेले मागितलेत, सगळे एका सुरातले. मला लालासाहेबांच्या दुकानात परत जायची लाज वाटतेय, पण जाईन.

शेवटी ती हात झटकून वाजवते तसा एक आवाज आला. रिकामा पेला, बेटा. एक थेंब राहिला असता तरी मला कळलं असतं. मी दुसऱ्या कानाला लावून परत ऐकला. रिकामाच होता.

तू निश्चिंत मनानं कामावर जा.

ममता आहे तिथंच असावी, आणि रोज अकराला फोन करायला लीलाबाईंना सांगावं.
अब्बा

ता. क. पोरी, तुझे अब्बा फोन ठेवून लेकरासारखे रडले, ते लिवणार न्हाईत म्हणून मी लिवते. आणि दोन वर्षांनी आज त्या डब्यातले तांदूळ शिजवले. खाली तळाशी त्यांचा हरवलेला चष्मा सापडला.
अम्मी