सात पाण्यांनी धुतलेल्या बाटल्या

आई, त्या बाटल्या स्वच्छ होत्या. तुझ्या हातून काहीच राहिलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी ते कुणापाशी बोललेलो नाही. आत्ता जेवणाची सुट्टी आहे, कामाच्या शेडच्या पायरीवर बसलोय, डबा उघडलेला नाही, आणि एका वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितोय. रडू वगैरे येत नाहीये. तसं हल्ली काहीच येत नाही.

तू कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायचीस आणि मी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. पोरं तुला मावशी म्हणायची. मी लॅबमध्ये तुला काहीच म्हणायचो नाही, खाली बघून पुढे जायचो. घरी आल्यावर तू म्हणायचीस, "लॅबमध्ये ओळख नाही, आणि इथं बरी भाकरी लागते गरम." त्या वर्षी आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी टोमॅटोच्या रोगाचं काम काढलं होतं. पानांवर काळे ठिपके आणि फळावर खरबरीत डाग पाडणारा जो जिवाणू असतो, त्याला खाणारे विषाणू मॅडमनी रोगट शेताच्या मातीतूनच शोधून काढले होते. आम्ही त्यांना फेज म्हणायचो. ते झाडाला काही करत नाहीत, माणसाला काही करत नाहीत, फक्त तो एक जिवाणू फोडतात. मॅडमनी तुला बोलावून काचेची बशी दाखवली होती, आठवतं? जिवाणूंचा पांढुरका थर आणि त्यात गोल गोल स्वच्छ भोकं. तू बशी खिडकीकडे धरलीस आणि म्हणालीस, "शालीला कसर लागावी तशी लागलीय की." मॅडम हसल्या. पुढच्या तासाला त्यांनी वर्गात हेच उदाहरण दिलं, कुणाचं ते सांगून दिलं, आणि मी बाकावर कान लाल करून बसलो.

दिंडोरीकडच्या एका शेतात प्रयोग लावला. अर्ध्या ओळींवर फेज, अर्ध्या ओळींवर नुसतं पाणी. फेज लॅबमधून शेतावर न्यायच्या बाटल्या तू धुवायचीस. साबण किंवा ब्लीचचा एवढासा अंश राहिला तरी फेज मरतात, हे मॅडमनी तुला एकदाच सांगितलं होतं. तू सात पाणी द्यायचीस, मग बाटली नाकाशी धरून वास घ्यायचीस. फवारणीचं काम माझ्याकडे होतं. नियम एकच होता, ऊन उतरल्यावरच मारायचं, कारण फेज उन्हात टिकत नाहीत. मॅडम प्रत्येक वेळी बजावायच्या, "सूर्य डोंगराआड गेल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही."

आणि ती मुलगी संध्याकाळी सहाला सोमेश्वरला, नदीकाठी भेटणार होती. तुला ती माहीत नव्हती. माझ्याच वर्गातली होती. एवढंच सांगतो, त्या दिवसांत ती हो म्हणाली असती तर मी गोदावरीत उडी मारली असती आणि नाही म्हणाली असती तरी मारली असती. मी दुपारी दीडला फवारलं. हातात तू घेऊन दिलेलं घड्याळ होतं, कॉलेजात नाव लागलं तेव्हाचं, त्यामुळे चुकून झालं असं म्हणायलाही जागा नाही. रजिस्टरमध्ये 'सायंकाळी सहा' लिहिलं. असं तीन वेळा केलं. दोनदा ती आली. तिसऱ्यांदा आलीच नाही, मी अंधार पडेपर्यंत पाण्याकडे बघत बसलो.

महिन्याभराने सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या. फेज मारलेल्या आणि नुसतं पाणी मारलेल्या, दोन्हींची पानं तितकीच ठिपक्यांनी भरलेली. मॅडमनी लॅबमधलं मूळ द्रावण तपासलं, त्यात फेज जिवंत होते. शेतावरची वेळ रजिस्टरप्रमाणे बरोबर होती. मग मधे उरल्या त्या बाटल्या. मॅडमनी आवाजही चढवला नव्हता. "मावशी, धुताना एखाद्या वेळी काही राहिलं असेल का?" तू पदराला हात पुसत उभी आहेस. मी रजिस्टर घेऊन बाजूला उभा आहे. मला वाटतंय तू नाही म्हणशील, तुझ्याइतकं कोण धुतं. आणि तू म्हणतेस, "असेल मॅडम. राहिलंही असेल."

मी पेटलो. रजिस्टर टेबलावर आपटलं, "माझ्या आईला बोलायचं काम नाही" म्हणालो, आणखीही बरंच बोललो जे मॅडमना कुणी कधी बोललं नसेल, आणि कॉलेजातून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. कॉलनीत सगळ्यांना वाटलं, पोरानं आईच्या मानासाठी कॉलेज सोडलं. विहाराजवळ दोघातिघांनी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. तू मात्र घरी आल्या आल्या सुनावलंस, "त्यांनी विचारलं होतं रे, शिवी नव्हती दिली. तुला एवढं लागायचं कारण काय?" तेव्हा सांगता आलं असतं. तू ओट्यापाशी पाठमोरी होतीस, तोंडाकडे बघावंही लागलं नसतं. मी म्हणालो, "भूक नाही," आणि झोपलो.

मॅडमचं ते काम तिथेच बंद पडलं. तुझी बदली स्टोअरला झाली. आणि तू घरातले पेले धुवून खिडकीकडे धरायला लागलीस, नाकाशी नेऊन वास घ्यायला लागलीस. शेवटी सिव्हिलला होतीस तेव्हाही मी पाणी दिलं की आधी वास घ्यायचीस. "साबणाचा येतोय का रे?" मी म्हणायचो, नाही येत. एवढंच म्हणायचो.

आता मी चांदवडच्या अलीकडे कामाला आहे. गंमत बघ, फेजच बनवतात इथे. सुरुवातीला मला बाटल्या धुवायलाच घेतलं होतं. आता शेतावर जाऊन कधी आणि कसं फवारायचं ते सांगायचं काम करतो, आणि ऊन उतरल्यावर मारलं तर ओळी वेगळ्या दिसतात, आई. लांबून, रस्त्यावरून दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आनंद होईल असं वाटलं होतं. मी गाडीला टेकून उभा राहिलो, मग पुढच्या शेतावर गेलो.

परवा एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, काही फरक नाय. नुसतं पाणीच भरलं व्हतं का काय?" फोन ठेवला आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? आमच्याकडे बाटल्या धुणाऱ्या मावशी आहेत, त्यांना विचारलं, "मावशी, बाटल्या नीट धुतल्या होत्या ना?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वाटलं तर चाटून बघ." मग गाडी काढली आणि त्या शेतावर गेलो. शेतकऱ्याला एवढंच विचारलं, किती वाजता मारलं. तो म्हणाला, "भरदुपारी मारलं राव. संध्याकाळी भाचीची हळद व्हती. चुकलंच आपलं." एका दमात म्हणाला, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.

परत येऊन मावशींना सांगितलं, तुमच्या बाटल्यांचं काही नव्हतं. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "मला माहीत व्हतं की," म्हणाल्या.

तुला माहीत नव्हतं.

ती मुलगी पुण्याला असते, लग्न झालंय. अजून तिचं स्टेटस बघतो, कशासाठी ते विचारू नकोस. मॅडम रिटायर झाल्यात. कॉलेज रोडलाच राहतात, कुठल्या इमारतीत तेही मला माहीत आहे, गेल्या महिन्यात तिथून दोनदा गेलो. हे सगळं खरं तर त्यांना लिहायला हवं. पण त्या वाचतील, म्हणून तुला लिहितोय.