बाबांच्या लिव्हरमधलं एन्झाइम

मंगळवार, संध्याकाळ. गोडदेव.

आज बाबांना रोडानीज नावाचं एन्झाइम समजावलं, तेव्हापासून चुटपुट लागलीय.

मी उद्याच्या तोंडी परीक्षेची उजळणी करत होते. बाबा प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, गाळ्यातून आले. बारा वर्षं सायनाइडच्या टाकीवर काम करतात, म्हणून मुद्दाम त्यांनाच सांगितलं. लिव्हरमध्ये हे एन्झाइम असतं. प्रोटीनचे जवळजवळ सारखे दोन भाग, आणि खाचेत गंधकाचा एक अणू धरलेला. तो सायनाइडला जोडला की विष सौम्य होतं, लघवीतून निघून जातं.

बाबा खूश. "म्हणजे मास्क नको आपल्याला!"

कशाला सांगितलं मी?

"बाबा, गंधक संपला की ते काहीच करू शकत नाही. आणि वाफ जास्त झाली तर त्याला वेळच मिळत नाही."

"गंधक किती असतो अंगात?"

"थोडाच."

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "शेठ वाफ ओढणारा पंखा बसवत नाय. पावडर कोटिंगवाल्याकडे कामाचं विचारून ठेवलंय. तिथं सायनाइड नाय, पण पगार कमी. तुझं शिक्षण होईपर्यंत थांबलोय."

मला हे माहीतच नव्हतं.

"थांबू नका," मी म्हणाले.

त्यांनी कप ठेवला, माझ्यासमोरच त्या कोटिंगवाल्याला फोन लावला. "सोमवारपासून येतो."