दहा लाख तीनला भाग घालताना

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला यांची खुशाली कळव. (दाजींची स्वतःची वेगळी कळवलीस तरी चालेल.)

मी मजेत आहे. छापखान्यात एकतीस वर्षं गणिताच्या पुस्तकांमागची उत्तरं तपासली. आता कुणी उत्तरं धाडत नाही, म्हणून दिसेल तो आकडा तपासतो. दोन महिन्यांपूर्वी नळाला नवा मीटर बसला, त्यावर नंबर दहा लाख तीन. मला मूळ संख्येचा वास आला (एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणीही निःशेष भागत नाही, अशी. तूच शिकवलं होतंस, कान पिळून). खात्री करायची तर हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ही गेल्यापासून दुपार संपता संपत नाही, तेव्हा रोज चार भागाकार. दूध दोनदा उतू गेलं, पण बाकी चुकली नाही.

सव्विसाव्या भागाकाराला, एकशे एकने, बाकी शून्य! मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. बिचारीला कुणीतरी भेटलं होतं. नेमका तेव्हाच मीटर वाचणारा दारात आला. त्याला ओढून आत बसवला, चहा केला, दुसरा कप दोन वर्षांनी फडताळातून काढला आणि अख्खा भागाकार समजावला. त्यानं कागद पाहिला, मीटर पाहिला आणि म्हणाला, "काका, शेवटी तीन आहे. तुम्ही एक लिहिलाय." नव्या कागदावर उतरवताना मीच घोळ घातला होता! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आणि सापडलो कुणाच्या हाती, तर नळवाल्याच्या. तो हसत हसत गेला. मी दोन्ही कप सावकाश विसळले.

मग नेटानं सगळे भागाकार पुरे केले. शेवटचा नऊशे सत्त्याण्णवने, बाकी बारा. संख्या मूळच निघाली. तिच्या अलीकडची मूळ संख्या वीस घरं मागे आणि पलीकडची तीस घरं पुढे. मधल्या सगळ्यांना कुणी ना कुणी भागतंच. ताई, खरं सांगतो, एवढं सिद्ध करून मला रडू आलं. (हे दाजींना वाचून दाखवू नकोस.)

बाकी सर्व क्षेम.

तुझं शेपूट

ता. क. मीटर पुढच्या महिन्यात फाटकाबाहेर हलवणार आहेत. वाचणाऱ्याला आता घरात यायचं कारण उरणार नाही. त्याची सोय झाली, बरंच झालं.

ता. क. २ गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, आमच्याकडे कायमचा राहायला येतोस का. 'माझं एकट्याचं छान चाललंय' असं मी उलट टपाली कळवलं होतं. ते उत्तर काल पुन्हा तपासलं. चुकलंय. तेवढा प्रश्न पुन्हा एकदा विचार.