जागा सोडू नका

पनवेल, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. सत्यवतीस,
दमयंतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर चार वाक्यं बोललीस की तुला धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी फोन बंद केला, असं शिवाने सांगितलं. हा माझा भाऊ तुझा नवरा झाला त्याला वीस वर्षं झाली. सांगताना तो तुझ्या गोळ्यांची चिठ्ठी उलगडून पुन्हा घडी घालत होता. तू माहेरी उरणला, मी इथे. तेव्हा पत्रंच लिहू. दर रविवारी तो ने-आण करील.

डॉक्टरांशी मी भांडले. पायातली रक्ताची गाठ छातीत गेली, फुप्फुसाची रक्तवाहिनी अडली आणि पुढचा तुकडा रक्ताविना मेला, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बाराव्या वर्षापासून मिठागरात टोपल्या वाहिलेल्या बाईचं फुप्फुस असं मरत नसतं. त्यांनी वाद घातला नाही. फिल्म उजेडापुढे धरली. उजवीकडे, तळाशी, पाचरीसारखा डाग होता.

रोडपालीच्या सरकारी कचेरीपुढचा आपला ठिय्या नवव्या दिवशी उठला. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात कबूल केलेल्या भूखंडांचं उत्तर दहा मार्चपर्यंत देतो म्हणाले. नाही दिलं तर पुन्हा बसायचं. घोषणा तूच द्यायच्या. शेवटच्या दिवशी मी दिल्या, तर तुझ्या शेजारी बसणारी गोदू म्हणाली, शाळेतल्या बाई हजेरी घेतायत.

औषधं चुकवू नकोस. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.
दमयंती


उरण, १९ जानेवारी

ती. दमयंतीताईंस,
सत्यवतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी बरी हाय, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. श्वास आत घेताना बरगडीत कुसळ मोडल्यासारखं होतं. खोकल्यातून रक्त पडायचं, ते थांबलंय. रक्त पातळ करायची गोळी चालू हाय. आई रोज मेथी करते, डॉक्टर म्हणतात पालेभाजी बेतानं खा. दोघांच्या भांडणात मी उपाशी.

तुमी विचारलं नाय, तरी सांगते. तिसऱ्या दिवशीच पाय सुजला होता. वाटलं, पोटरी धरली. गोदूनं खोबरेल कोमट करून चोळून दिली. आता डॉक्टर म्हणतात चोळायला नको होती. पण तिला ते कळू देऊ नका. मी उठून चालले असते. पण कुणी जागा सोडायची नाय, असं तुमीच सांगितलं होतं ना. संडास रस्त्यापलीकडं, म्हणून आमी पाणीच पीत नव्हतो.

मेलेला तुकडा परत जिवंत होतो का? डॉक्टरांना विचारा.

माया पातळ होऊ देऊ नका.
सत्यवती


पनवेल, २६ जानेवारी

चि. सौ. सत्यवतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुकडा जिवंत होत नाही. तिथे वण राहतो आणि उरलेलं फुप्फुस त्याचं काम उचलतं. खरी भीती वाहिन्यांत अडकलेल्या गाठींची आहे. त्या विरघळल्या नाहीत तर हृदयावर ताण येतो. तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

आता माझं. तहान सोसा पण जागा सोडू नका, असं मी माईकवरून गरजले. टाळ्या पडल्या, म्हणून रोज गरजले. माझ्यापुढे मंचावर पाण्याची बाटली होती. संध्याकाळी आपल्या समितीचे अध्यक्ष कमळाकर यांच्या घरी जाऊन मी आंघोळ करून येत होते. शंभर बायका रस्त्यावर बसल्या असताना कचेरीने एक फिरतं शौचालय दिलं नाही, यावर मी तीन भाषणं केली. समितीनेही दिलं नाही, यावर एकही केलं नाही.

समितीला तुझा फोटो फलकावर लावायचा आहे, सरकारचा बळी म्हणून. तुझी परवानगी विचारायला सांगितलंय.

तुझ्या लोभाची आता मागणीच करावी लागते.
दमयंती


उरण, २ फेब्रुवारी

ती. दमयंतीताईंस,
सा. न. वि. वि.

फोटो नको. हार घालायची एवढी घाई कशाला?

तुमची आंघोळ आमाला माहीत होती. केस ओले असायचे. आमी म्हणायचो, ताईंना बोलायचं असतं, त्यांचा आवाज टिकला पायजे. तेव्हा राग आला नाय. आता येतो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसावं लागतं, तिथं येतो.

सरकारनं केलं म्हणालात तर ते अर्धं खरं. दुसरं अर्धं तुमी माईकवरून सांगा. तासातासाला उठा, चाला, पाणी प्या, हेही सांगा. नाय सांगितलंत तर माझ्या दारात येऊ नका.

रागानं लिहिलं. माया आटली म्हणून नाय लिहिलं.
सत्यवती


पनवेल, ११ मार्च

चि. सौ. सत्यवतीस,
आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. करून दाखवल्याशिवाय तुला तोंड दाखवायचं नव्हतं.

काल सरकारचं उत्तर आलं नाही. आम्ही बसलो. मी बोलले. सत्यवतीचं फुप्फुस मेलं त्यात माझ्या एका वाक्याचा हात आहे, असं म्हटलं; आंघोळीचंही सांगितलं. एक टाळी पडली नाही. विरोधकांच्या हाती कोलीत देताय, असं म्हणत कमळाकरांनी माईक मागितला. मी सोडला नाही. तासाने उठा म्हणून सांगितलं. बायका उठल्या, चालल्या, पाणी प्यायल्या. या वेळी शौचालय मंडपालगतच आहे.

आता तुझ्या दारात येऊ का?
दमयंती


पनवेल, २ एप्रिल

ती. ताईस,
शिवाचा नमस्कार. वि. वि.

सत्यवतीचं तेरावं झालं. तू रोज आलीस, शेजारी बसलीस, पण तोंडानं विचारवलं नाय. म्हणून भिंतीपलीकडच्या बहिणीला पत्र लिहितोय.

तुझं शेवटचं पत्र घेऊन गेलो, त्याच दिवशी तिला पुन्हा दवाखान्यात हलवलं होतं. गोळ्या चालू असून दुसरी गाठ छातीत गेली होती. तोंडावर मास्क. मी पत्र वाचलं. बोटानं खूण करून तिनं पुन्हा वाचायला लावलं. दारात येऊ का विचारलंस, त्यावर ती काय बोलली नाय. दम नव्हता का मन नव्हतं, मला सांगता येत नाय.

मास्क बाजूला करून तिनं एकच विचारलं, किती बायका उठल्या. ते तू लिहिलं नव्हतंस. मी सगळ्या म्हणालो. तिनं मान हलवली आणि मास्क परत लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

ताई, खरं किती उठल्या ते मला कळव.
तुझा,
शिवा