दार जप्त

४ मार्च, सोमवार
आजपासून घरात शिस्त. मुलगी पंधराची, जीभ पंचविसाची. क्लास दोनदा बुडवला. विचारलं तर म्हणाली, तुम्हाला काय करायचंय, आणि खोलीचं दार आपटलं. मी सुतार, दार माझ्या हातचं, आणि माझ्याच तोंडावर! ठरलं. पुन्हा आपटलं की दार जप्त. आमची ही म्हणाली, जरा विचार करा. केला. बिजागऱ्या काढायला पाच मिनिटं पुरतात.

५ मार्च, संध्याकाळी ६
आपटलं. ६.०७ ला दार खाली. एक स्क्रू गंजला होता, नाहीतर पाचच मिनिटं. मुलगी पलंगावर बसून बघत होती. रडली नाही. म्हणजे चूक कळली असणार.

८ मार्च
आपटण्याचा आवाज शून्य. मुलगी बोलतच नाही, त्यामुळे उलटही बोलत नाही. कपडे बाथरूममध्ये बदलते. अभ्यासाला कपाटाच्या आडोशाला बसते. हीसुद्धा माझ्याशी कामापुरतंच बोलते. शिस्तीचा फायदा सगळ्या घराला होतोय.

१० मार्च, रविवार
डॉक्टरीणबाई वर्कशॉपवर येऊन तापल्या. दवाखान्याचं दार शुक्रवारी द्यायचं होतं. (मी सगळ्यांना शुक्रवारच सांगतो.) माप काढलं तर हुबेहूब आपल्या जप्त मालाचं. दिलं बसवून. मुलीला सुधारायला महिना लागेलच, तोवर नवं करू. हिला सांगितलं नाही. उगाच काळजी करते.

१२ मार्च
आठवड्यात पहिल्यांदा मुलगी स्वतःहून बोलली. दार कधी मिळेल? मी मोठ्या मनाने शुक्रवार सांगितला. म्हणाली, "बाबा, तुमचा शुक्रवार गिऱ्हाइकांना फोनवर मीच सांगत आलेय." उलट उत्तर, पण आवाज चढवला नाही. प्रगती आहे.

१५ मार्च, शुक्रवार
लाकूड ओलं निघालं. त्यात माझा काय दोष.
सायंकाळी ५. मुलगी शाळेतून आली नाही. फोन बंद.
६.१०. एकाही मैत्रिणीकडे नाही. ही रडतेय. मी तिला धीर देतोय. मधेच मुलीचा बंद नंबर अकरा वेळा लावला.
७.२०. हिच्या बहिणीचा फोन. ती आत्ता ऑफिसातून घरी पोचली, तर शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन मुलगी मागच्या खोलीत, आतून कडी लावून. मला म्हणाली, "भाऊजी, काही करत नव्हती हो. तिला नुसतं दार लावून बसायचं होतं."
जेवण गेलं नाही.

१६ मार्च
मुलगी येत नाही. दार बसल्यावर येईन म्हणते. वर डॉक्टरीणबाईंचा फोन: दारावर मार्करने 'विचारल्याशिवाय आत येऊ नये' लिहिलंय, पेशंट आठवडाभर परत जातायत. मुलीनेच कधी लिहिलेलं असणार, बसवताना मी वाचलंच नाही. फोन हिने उचलला. हीपण बहिणीकडे गेली.

१९ मार्च, मंगळवार
दार तयार. आतून नवी कडी. आयुष्यात पहिल्यांदा माल शुक्रवारच्या आधी.
चार वाजता दोघी आल्या. मुलीने दार दोन्ही बाजूंनी पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि आत गेली. आपटलं नाही. हळूच लावलं. मग कडीचा आवाज आला.
मी दहा मिनिटं बाहेर उभा. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. मग वाजवलं. या घरात मी पहिल्यांदा दार वाजवलं.
आतून विचारलं, कोण?
म्हटलं, बाबा.
मग म्हणाली, "शुक्रवारी या."