साचलेली राख

रविवार, तेल्हारा

शुक्रवारी वर्गात हायड्रोजनची अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा काढणारी संलयन भट्टी शिकवत होतो. स्नेहलनं विचारलं, "सर, तयार झालेला हेलियम आतच राहिला तर?" म्हटलं, राहू दे, निरुपद्रवी वायू आहे. वर्ग हसला. तिनं वही मिटली.

आज काकू शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजत होती. लक्ष ठेवायला मी, पण गप्पांत रमलो. "राख काहून साचू देली रे? इस्तो थंडा पडून राहिला," म्हणत तिनं राख ओढली. निखारे पुन्हा लाल.

हेलियम त्या भट्टीची राखच की. साचला तर आग मंदावते, म्हणून तर तळाशी तो आणि जास्तीची उष्णता काढून घ्यायची सोय असते. मला माहीत नव्हतं? होतं. घंटा व्हायला आली होती, बस.

उद्या वर्गात चूक सांगेन, ते सोपं आहे. पण वर्ग हसला तेव्हा मीही हसलो होतो.